फेडलेल्या नवसांचा मुलूख

आमच्या घरात इतिहास सांगण्याचं काम आजीकडे होतं. कोणता राजा कधी गादीवर बसला, हे ती सांगत नसे. कोणी देवाकडे काय मागितलं, ते मिळालं का आणि मिळाल्यावर त्या माणसाने काय केलं, या तीन प्रश्नांभोवती तिच्या गोष्टी फिरत. तिचं माहेर भिवंडी तालुक्यात, तानसा नदीकाठचं. लग्न होऊन ती माहीमच्या चाळीत आली आणि पुढचं सगळं आयुष्य तिथेच गेलं. पण वज्रेश्वरीपासून वसई, वांद्रे, माहीम ते प्रभादेवीपर्यंतचा सगळा पट्टा तिच्या डोक्यात एका नकाशासारखा होता आणि त्या नकाशावरच्या खुणा फेडलेल्या नवसांच्या होत्या.

वज्रेश्वरीची गोष्ट ती इंद्र आणि वसिष्ठांपासून सुरू करी खरी. इंद्राने टाकलेलं वज्र देवीने गिळून टाकलं, म्हणून ती वज्रेश्वरी, एवढं एका दमात उरकून ती चिमाजी अप्पांवर येई. तिथून मात्र तिचा आवाज सावकाश होई.

वसईत पोर्तुगीज १५३४ पासून होते. देवीचं मूळ ठाणं वज्रेश्वरीच्या उत्तरेला गुंज या गावी. ते देऊळ पोर्तुगिजांनी पाडलं आणि देवी वडवलीला, म्हणजे आजच्या वज्रेश्वरीला, आली, असं आजीच्या माहेरी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. १७३७ मध्ये मराठ्यांनी उत्तर कोकणची मोहीम काढली. ठाण्याचा कोट घेतला, साष्टी घेतली, पण वसई काही हाती येईना. किल्ल्याला बहुतेक बाजूंनी समुद्र, खाडी आणि दलदल. जमिनीकडून जायला एकच अरुंद वाट आणि तिच्यासमोर भक्कम तट. १७३९ च्या फेब्रुवारीत निकराचा वेढा पडला. सुरुंग लावायचे, त्यातले काही नको तिथे, नको तेव्हा उडायचे आणि आपलीच माणसं गाडली जायची. थोरल्या बाजीरावांचे धाकटे भाऊ चिमाजी अप्पा या मोहिमेचे सेनापती. वसई मिळत नसेल तर माझं डोकं तरी तोफेने उडवून किल्ल्यात टाका, असं ते म्हणाल्याची आख्यायिका महाराष्ट्रात सगळ्यांनाच माहीत आहे. आजी तिच्यापुढची गोष्ट सांगे. अप्पांचा तळ वडवलीच्या बाजूला पडला होता. ते देवीपुढे गेले आणि म्हणाले, "किल्ला मिळू दे, तुला किल्ल्यासारखं देऊळ बांधीन." रात्री देवीने स्वप्नात येऊन वाट दाखवली.

मे महिन्यात सेबॅस्टियन बुरुजाला सुरुंगाने खिंडार पडलं. १६ मे १७३९ रोजी पोर्तुगिजांनी शरणागती पत्करली. आत अडकलेल्यांना आपल्या बायकामुलांसह आणि चीजवस्तूंसह मानाने निघून जाऊ दिलं गेलं. मागे राहतील त्यांना आपला धर्म पाळायची मोकळीक तहात होती.

इथे आजी थांबून आम्हा मुलांकडे बघायची. "किल्ला तर मिळाला. आता नवस आठवायला कोण सांगणार होतं त्यांना? स्वप्न काय चारचौघांनी पाहिलं होतं?" आणि मग तीच उत्तर द्यायची, "पण त्यांनी आठवण ठेवली."

वसईचे सुभेदार शंकराजी केशव फडके यांच्याकडून अप्पांनी देऊळ बांधवून घेतलं. आज वज्रेश्वरीला जाणाऱ्याला पहिल्यांदा दिसतो तो देवळाचा कोट. देवळाभोवती दगडी तट आहे, वर नगारखान्याचं दार आहे, आणि ते दार वसईच्या किल्ल्याच्या दरवाजाच्या मापाचं आहे असं सांगतात. खालून वर जायला बावन्न पायऱ्या. त्यातल्या एका पायरीवर सोन्याचं कासव कोरलेलं आहे; येणारा जाणारा तिथे वाकून हळदकुंकू लावतो. बांधीन म्हटलं ते बांधलं आणि जसं म्हटलं तसंच बांधलं. एप्रिल १७४० मध्ये थोरले बाजीराव गेले आणि त्याच वर्षी डिसेंबरात चिमाजी अप्पाही गेले. वसई घेतल्यावर त्यांना दीडेक वर्षाचंच आयुष्य मिळालं. पुण्याचा कारभार, भावाचा मृत्यू, स्वतःची ढासळती तब्येत यांतून त्या माणसाने देवीची आठवण ठेवली, याचं आजीला किल्ला जिंकण्याहून अधिक मोल वाटे. पराक्रम करणारे पुष्कळ असतात, असं ती म्हणायची. काम झाल्यावर मागे वळणारे थोडे.

ती हे इतक्या ठामपणे का म्हणायची, ते मला मोठेपणी कळलं. तिच्याही आयुष्यात एक वेढा पडून गेला होता.

दुसरं महायुद्ध चालू होतं. रेशनच्या रांगा होत्या आणि आमचे दादा, म्हणजे माझे वडील, सहा-सात वर्षांचे होते. त्यांना मुदतीचा ताप आला. विषमज्वरावरची गुणकारी औषधं त्यानंतर काही वर्षांनी आली. त्या काळी डॉक्टर येऊन नाडी बघत, पातळ पेज आणि उकळलेलं पाणी द्यायला सांगत आणि मुदत भरायची वाट बघायला लावत. आजी रात्रंदिवस कपाळावर पाण्याच्या घड्या ठेवत बसली होती. दादा बरळायला लागले तेव्हा तिने माहेरच्या दिशेला तोंड करून वज्रेश्वरीला साकडं घातलं, "पोर उठू दे. तुझ्या पायरीपायरीवर हळदकुंकू वाहीन आणि चैत्राच्या जत्रेला पाणपोई घालीन."

चाळीत पलीकडच्या खोलीत वसईची एक ख्रिस्ती बाई राहत असे. घरातले सगळे तिला मावशी म्हणत. लाल लुगडं, कानात जड सोनं आणि हातात जपमाळ. तिची भाषा आजीच्या भाषेला इतकी जवळची होती की दोघी बोलायला लागल्या की कोण कुठली ते कळू नये. त्या रात्री मावशी एक दोरा घेऊन आली. तापाने ग्लानीत पडलेल्या दादांच्या माथ्यापासून टाचेपर्यंत तिने तो दोरा लावला, गाठ मारली आणि गुंडाळून कनवटीला लावला. म्हणाली, "वहिनी, मोत मावलीला बोललंय. पोर बरं झालं का त्याच्या उंचीची मेणबत्ती लावायची."

मुदत भरली, ताप उतरला. दादांच्या अंगावर मांस चढायला पावसाळा उजाडला.

सप्टेंबरात वांद्र्याच्या डोंगरावर मोत मावलीची, म्हणजे मरियेची, जत्रा भरते. ८ सप्टेंबर हा मरियेचा जन्मदिवस. त्यानंतरच्या रविवारपासून आठवडाभर जत्रा चालते. मावशी निघाली तेव्हा आजीही दादांचा हात धरून निघाली. शेजारच्या कोणीतरी विचारलं, "तुमचा नवस वज्रेश्वरीचा, तुम्ही तिकडे कशाला?" आजी म्हणाली, "तिने माझ्या पोरासाठी मागितलं. मग फेडायला मी नको जायला?"

डोंगराच्या वाटेवर मेणाच्या वस्तूंची दुकानं असतात, आजही असतात. मेणाचे हात, पाय, डोळे, काळीज, पाळण्यातली बाळं, छोटी घरं. ज्याचं जे दुखणं आणि ज्याचं जे मागणं, ते मेणात ओतलेलं, त्याला वरून वात. जवळून पाहिलं तर मेणाच्या हातावर बोटांच्या पेरांच्या रेषासुद्धा असतात. दुकानापाशी मावशीने कनवटीचा दोरा सोडला आणि दादांना लावला. दोरा बोटभर आखूड पडला. तापानंतर पोर वाढलं होतं. मावशीने तो दोरा टाकून दिला, दादांना नव्याने मापलं आणि बोटभर वाढीव उंचीची मेणबत्ती घेतली. दुकानदार म्हणाला, जुनं माप चाललं असतं. मावशी म्हणाली, "तिने दिलंय तेवढं मोजून द्यायला नको?"

दादा ही गोष्ट म्हातारपणापर्यंत सांगत. त्यांच्या सांगण्यात कायम हा एक बोटभर मेणाचा तुकडाच मध्यभागी असे.

त्या डोंगराचाही इतिहास वसईच्या लढाईत गुंतलेला आहे. मराठे साष्टीत उतरले त्या धामधुमीत डोंगरावरचं मरियेचं जुनं देऊळ पाडलं गेलं. उंचावरच्या त्या जागेचा शत्रूने उपयोग करू नये, हा त्यामागचा हेतू. मूर्ती समुद्रात गेली. पुढे एका कोळ्याला स्वप्न पडलं आणि खाडीत जाळ्याला मूर्ती लागली, अशी कोळीवाड्यांतली आख्यायिका. १७६० च्या सुमारास देऊळ पुन्हा उभं राहिलं. आजची दगडी इमारत १९०४ ची. वसईकडची कितीतरी देवळंही त्या लढाईत जळाली, पडली. मावशीच्या लेखी चर्च म्हणजे देऊळच. वसईचे ख्रिस्ती तोच शब्द वापरतात.

एकदा आजी नेहमीच्या रंगात चिमाजी अप्पांची गोष्ट सांगत होती. मावशी तांदूळ निवडत ऐकत होती. गोष्ट संपल्यावर म्हणाली, "गो वहिनी, तुमचा नवस फिटला तेव्हा आमची देवळं पडली. आमच्यातल्यांनी पण मागितलंच असेल ना त्या दिवसांत?" आजीला हा प्रश्न कोणी कधी विचारला नव्हता. ती म्हणाली, "मागितलं असेलच. आणि तुम्ही अजून मेणबत्त्या लावताय म्हणजे तुमचंही कुठेतरी पोचलंच असेल." त्यानंतर वज्रेश्वरीची गोष्ट सांगताना मोत मावलीचं देऊळ पडल्याचं आणि पुन्हा उभं राहिल्याचंही आजी सांगू लागली. तिच्या इतिहासात ते कायमचं जोडलं गेलं.

वसईच्या घंटांची हकिकत अशीच आहे. त्या भागातल्या चर्चमधल्या ओतीव घंटा मराठ्यांनी विजयाची खूण म्हणून नेल्या आणि महाराष्ट्रभरच्या देवळांत टांगल्या. नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकरला, वाईजवळ मेणवलीच्या घाटावर त्या आजही आहेत. नारोशंकराच्या घंटेवर १७२१ हे साल आहे. मेणवलीच्या घंटेवर मरिया आणि बाळ येशू कोरलेले आहेत. त्या ओतवून घेतल्या तेव्हा कोणा ख्रिस्ती भाविकाने देवाच्या स्तुतीसाठी दान दिलं असेल. पुढे अडीच-पावणेतीन शतकं त्याच धातूचा आवाज शंकरापुढे उमटत राहिला. नाशिकला मी ती घंटा जवळून पाहिली तेव्हा मला मावशीचा प्रश्न आठवला आणि मी तिच्या आणि आजीच्या, दोघींच्या नावाने हात जोडले.

माहीमहून वांद्र्याला जाताना आजी खाडीवर आली की हटकून एका पारशी बाईचं नाव घ्यायची. लेडी आवाबाई जमशेटजी. माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये खाडी आणि तेव्हा लोक ती होडीने ओलांडत. पावसाळ्यात होड्या उलटत, माणसं बुडत. कंपनी सरकारने पूल बांधायला पैसे नाकारले. तेव्हा सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नीने स्वतःचे दीड लाखाहून अधिक रुपये दिले आणि अट घातली की येणाऱ्या-जाणाऱ्याकडून कर घ्यायचा नाही. १८४५ मध्ये माहीमचा कॉजवे खुला झाला. दादरहून माहीमकडे जाणारा लेडी जमशेटजी रोड तिच्याच नावाचा. कोळी आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती बायकांत अशी गोष्ट सांगतात की आवाबाईंनी मोत मावलीला मुलासाठी नवस बोलला होता आणि तो फळला म्हणून त्यांनी भाविकांची वाट सोपी केली. आजीला ही गोष्ट मावशीकडून मिळाली. कागदोपत्री कारण बुडणाऱ्या होड्यांचं. आजीला या दोन्हींत काही विरोध दिसत नसे. देवाने आपल्यावर दया केली हे ज्याला उमगलं, त्याला बुडणारी माणसं दिसणारच, असं ती म्हणे.

आणि प्रभादेवीला गेलं की ती देऊबाई पाटलिणीची आठवण काढी. आता सिद्धिविनायकाचं देऊळ सोन्याच्या कळसाचं आहे. १९ नोव्हेंबर १८०१ रोजी त्याची प्रतिष्ठापना झाली तेव्हा ते लहानसं विटांचं होतं. लक्ष्मण विठू पाटील यांनी ते बांधलं आणि पैसा दिला तो माटुंग्याच्या देऊबाई पाटील या श्रीमंत आगरी बाईने. तिला मूल नव्हतं. मला नाही मिळालं, पण इथे येऊन मागणाऱ्या दुसऱ्या बायकांची कूस उजवू दे, या इच्छेने तिने देऊळ उभारलं.

देऊबाईची गोष्ट सांगताना आजीचा सूर बदलायचा. वज्रेश्वरीची गोष्ट मिळालेल्याची, आवाबाईंची गोष्ट मिळालेल्याची. देऊबाईची न मिळालेल्याची. "आपण फेडतो ते मिळाल्यावर," ती म्हणायची. "त्या माउलीने न मिळताच फेडलं. देवाची स्तुती करावी तर अशी." आजीला दादांच्या आधी झालेलं एक मूल जगलं नव्हतं. त्याच्यासाठीही ती असंच हात जोडून बसली असणार. त्या मुलाविषयी ती बोलत नसे. देऊबाईविषयी बोलत असे.

संतांनी नवसावर कडक टीका केली आहे आणि ती रास्त आहे. देवाशी देवाणघेवाण ठरवणं, कोंबड्या-बोकडांचा आकडा सांगणं, पुजाऱ्याने भरमसाट भीती घालणं, यात भक्ती उरत नाही. पण माझ्या वाडवडिलांनी सांगितलेल्या या गोष्टींमध्ये मला एक गोष्ट सारखी दिसते. मागणं एकट्याचं होतं. कुणी तळावर मागितलं, कुणी आजारी मुलाच्या उशाशी, कुणी रिकाम्या पाळण्यापाशी. फेडणं मात्र एकाचंही एकट्यापुरतं राहिलं नाही. अप्पांच्या नवसातून गावाला देऊळ मिळालं. आवाबाईंच्या पैशातून मुंबईला रस्ता मिळाला आणि तो भाविकाला, भाजीवाल्याला, कोळणीला सारखाच मोकळा राहिला. देऊबाईच्या दुःखातून शेकडो अनोळखी बायकांना मागायला एक ठिकाण मिळालं. देवाला आपल्या नारळाची गरज नसते. आपल्याला मिळालं हे चारचौघांत कबूल करण्याची आणि त्यातला वाटा पुढे देण्याची गरज आपल्याला असते.

आजीने चैत्र अमावास्येच्या जत्रेला पाणपोई घातली. एक वर्ष बोलली होती, पण हातपाय चालले तोवर घालत राहिली. बावन्न पायऱ्यांच्या तळाशी, झाडाच्या सावलीत, ओल्या फडक्यात गुंडाळलेले रांजण. पाण्यात वाळ्याची जुडी. लहानपणी मीही तिथे ओगराळं धरून उभा राहिलो आहे. उन्हातून आलेला माणूस ओंजळ हनुवटीला टेकवून खाली वाकतो. धार पडायला लागते तशी त्याच्या कोपरांवरून पाणी मातीत ओघळतं. पहिला घोट जातो तेव्हा डोळे मिटतात. मग तो मान हलवून "पुरे" अशी खूण करतो आणि उरलेलं पाणी तोंडावर मारतो. बहुतेक लोक काही न बोलता पुढे जात. एखादी म्हातारी विचारी, "कोणाची रे पाणपोई?" आजीने शिकवलेलं उत्तर मी देत असे: "देवीची." आमचं नाव सांगायची तिची मनाई होती.

जत्रेच्या शेवटी ती वर जाई. परातीत खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, एक नाणं. नारळाची शेंडी देवीकडे करून ओटी भरी. गाभाऱ्यात वज्रेश्वरीबरोबर रेणुका आणि कालिकाही आहेत. त्यांनाही हळदकुंकू वाहिलं जाई. त्यात ती काही मागताना मी कधी ऐकलं नाही. दादांचं लग्न, आमची आजारपणं, परीक्षा, नोकऱ्या, सगळ्यासाठी मागायला जागा होती आणि कारणंही होती. पण जत्रेचा दिवस तिने फक्त आभाराचा ठेवला होता. मागायचे दिवस वर्षभर असतात, असं ती म्हणायची.

मावशी गेली तेव्हा तिच्या मुलांनी वांद्र्याला मेणबत्ती लावली आणि आमच्या घरातून दादा तिथे हजर राहिले. आजी गेल्यावर पहिल्या चैत्रात पाणपोईला मावशीची मुलगी आली आणि दुपारभर पाणी वाढत उभी राहिली. दादा गेले तेव्हा ऐंशीच्या पुढचे होते. मुदतीच्या तापानंतर मिळालेलं ते सगळं आयुष्य दोन बायकांच्या प्रार्थनेचं आहे, असं ते मानत आणि दोन्ही ठिकाणी जात.

आज पायऱ्यांशी नळाचं पाणी आहे, बाटल्या विकणारे आहेत, रांजणाची तशी गरज उरलेली नाही. पण मागणारे तितकेच आहेत. दवाखान्याच्या बाहेरच्या बाकड्यांवर, निकालाच्या आदल्या रात्री, विमानतळाच्या दाराशी, सगळ्या धर्मांची माणसं रोज काहीतरी मागत असतात, आणि त्यातलं पुष्कळ मिळतंही. ज्यांना मिळालं, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. देवळात जा, चर्चमध्ये जा, दर्ग्यात जा, जिथे मागितलंत तिथे जाऊन मोकळ्या तोंडाने आभार माना. आणि उतरताना पायथ्याशी तहानलेलं कोण आहे ते बघा. कुणाच्या औषधाचे पैसे, कुणा पोराची फी, रक्तपेढीत एक बाटली रक्त, जे झेपेल ते. मात्र विचारलं तर आपलं नाव सांगू नका.